डाव्या हाताची साखर

अडीच दिवसांत बेड क्रमांक चारवरील रुग्णाच्या रक्तातील साखर पाच वेळा तीनशेच्या वर गेली. प्रत्येक वेळी घड्याळात सकाळचे सव्वाअकरा किंवा संध्याकाळचे सव्वापाच वाजले होते. इतर तासांना ती दीडशेच्या आसपास किंवा त्याखाली होती. नाकातील नळीतून जाणारे अन्न दिवसरात्र एकाच गतीने जात होते.

"भेटीची वेळ अकरा आणि पाच," वर्षाराणी सिस्टरने तक्त्यावर बोट ठेवले. अतिदक्षता विभागात तिला एकोणीस वर्षे झाली होती. "बायको येऊन गेली की साखर चढते. मावशी, पदर बघा हिचा."

सफाईच्या बायनाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "ह्यांच्या पदरात किराणा दुकान असतंय, सिस्टर."

गाठ सुटली. कागदाच्या पुडीत गुळाचा खडा निघाला.

"बेसुद्ध माणसाला गूळ चारता व्हय?"

"न्हाई वो, सिस्टर." रुग्णाची बायको, नांदूरघाटच्या भिवराबाई, पुडीकडे बघत म्हणाल्या. "नारायणगडाचा परसाद हाय. मालकांनी डोळे उघडले की जिभंवर ठिवायचा म्हनून आणलाय. तुमी नगं म्हनलात, म्या न्हाई दिला. गडाची आन."

"मग साखर कावून वाढती? हवेतून?"

शेजारच्या बेडचे नातेवाईक हसले. पुडी कचऱ्याच्या डब्यात गेली. "संध्याकाळी आत यायचं न्हाई," वर्षाराणीने सांगितले आणि तीनशे बहात्तर या आकड्यानुसार, डॉक्टरांच्या तक्त्यात लिहिले होते तसे, इन्शुलिनच्या पंपाची गती वाढवली.

याआधीच्या चारही वेळी गती वाढवून, भेटीनंतर रुग्णाचे अंग ओल्या फडक्याने पुसून झाल्यावर तपासलेली साखर सत्तर-ऐंशीवर आली होती. औषध लागू पडले, असे सर्वांनी मानले होते. या वेळी बारा वाजता ती छत्तीस झाली आणि रुग्णाला, धर्मराजला, झटका आला. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर झटका थांबला. उसाच्या फडात कोयता लागून चिघळलेल्या पायामुळे तो येथे आला होता. तरी सकाळपर्यंत हाक मारली की पापणी हलवत असे. आता हलवत नव्हता.

त्या संध्याकाळी भेट झाली नाही. सव्वापाचला साखर एकशे अठ्ठेचाळीस होती. आपले खरे ठरले, याचे वर्षाराणीला समाधान वाटले. पुढे तिला सर्वांत जास्त लाज वाटली ती या समाधानाची.

फेरीला आलेल्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला. "सिस्टर, याच्या घशात श्वासाची नळी आहे. हा गिळू शकत नाही. गूळ घातला कुठे?"

त्याचे तोंड आपल्या दर पाळीला ती स्वतः साफ करत होती. गुळाचा कणही तिला कधी दिसला नव्हता.

ती बाहेर गेली. भिवराबाई पायरीवर बसल्या होत्या. तिला पाहताच उभ्या राहिल्या.

"बाई, गूळ दिवसभर कुठं ठेवत होता?"

"मुठीत. परसाद हाय, भुईला कसा ठिवायचा? आत येताना पुडी करून पदराला बांधायचे. दारात तुमचं ते औषध हाताला लावायचे. मग तुमी सांगितलं तसं मालकांचा हात चोळायचे."

तुम्ही सांगितले तसे. पहिल्या दिवशी तिनेच सांगितले होते. रक्तदाब टिकवण्याच्या औषधाने बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळल्या होत्या. बोटे गार होती, सुई टोचूनही थेंब निघत नव्हता. उजव्या हाताला सलाईन होते. "डावा हात चोळून ठेवा जरा, बाई, रक्त येईल," असे तिचेच शब्द होते.

वर्षाराणीने डब्यातून पुडी काढली. खडा अर्धा तास स्वतःच्या मुठीत धरला. हाताला सॅनिटायझर लावले, बोट नेहमीप्रमाणे स्पिरिटने पुसले, टोचले. तीनशे चौसष्ट. मग नळाखाली साबणाने हात धुतला आणि तेच बोट पुन्हा टोचले. अठ्ठ्याण्णव.

स्पिरिटने जंतू मरतात; गूळ त्यात नीट विरघळत नाही. 'हात पाण्याने धुवा' असे यंत्राच्या खोक्यावर छापलेले होते. ते तिने एकोणीस वर्षांत वाचले नव्हते असे नाही.

तिने भिवराबाईंना आत बोलावले. त्या नवऱ्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"चुकी तुमची न्हाई, बाई. चुकी माझी हाय," वर्षाराणी म्हणाली. "हात धुवा आन् धरा त्यांचा हात."

"नगं. म्या शिवत न्हाई आता. तुमीच बघा." आणि भिवराबाई हळूच म्हणाल्या, "माझ्यामुळं लई तरास झाला तुमाला."

शेजारचे नातेवाईक या वेळी हसले नाहीत; त्यांचे लक्षही नव्हते. वर्षाराणीने नोंदवही उघडली आणि उभ्यानेच लिहिले:

'बेड चार. कारण: गूळ लागलेले बोट पाण्याने न धुता तपासले. खोट्या आकड्यावरून इन्शुलिन वाढवले. रुग्णाचा हात चोळण्यास मी सांगितले होते. पत्नीने रुग्णास काहीही खाऊ घातले नाही.'

खाली तिने पूर्ण नाव लिहिले.