मागे घेतलेला कागद

आमच्या नातीचं, रोझेटाचं लग्न झालं ते १९९८ साल. लग्नाचा केक अजून फ्रीजमध्ये होता, तेव्हाच वॉशिंग्टनहून आलेला सरकारी तपासनीस आमच्या ओसरीवर येऊन बसला. प्रुइट त्याचं नाव.

राष्ट्राध्यक्षांनी अल्थिया क्रँडल यांचं नाव फेडरल न्यायाधीशाच्या जागेसाठी पाठवलं होतं. ती नेमणूक तहहयात असते. म्हणून सिनेटचं मतदान होण्याआधी सरकार शेजारीपाजारी, जुने वैरी, सगळ्यांकडे चौकशी करतं. अलाबामातल्या आमच्या कोपऱ्यात त्या खुर्चीवर तोवर बाई बसली नव्हती.

"टॉलिव्हरकाका, १९७९चा लाकूड गिरणीचा खटला आठवतो?"

विसरेन कसा? माझा चुलतभाऊ ओटिस करवतीत सापडून मेला. त्याच्या बायकोनं गिरणीवर दावा लावला. करवतीवर जाळी नव्हती, असं मी शपथेवर सांगितलं. पण अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मुकादमानं एका दोन पानी कागदावर माझी सही घेतली होती आणि त्यात 'जाळी होती' असं लिहिलेलं होतं.

गिरणीच्या वकील होत्या क्रँडलबाई, तेव्हा अगदी तरुण. त्यांनी विचारलं, "सही करण्याआधी वाचला होतात?"

कोर्ट गच्च भरलेलं. मी म्हणालो, "वाचला की."

त्यांनी पहिलं पान माझ्या हातात दिलं. "हाच का?"

मी सावकाश डोळे फिरवले. "हाच."

ओटिसच्या बायकोचा दावा तिथंच संपायचा. पण बाई माझ्याकडे बघत राहिल्या, पान परत घेतलं आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "हा कागद मी मागे घेते." गिरणी हरली. बाईंची नोकरी गेली. त्यांनी असं का केलं, हे कोणालाच कळलं नाही. मलाही नाही.

"लोक म्हणतात, बाई साक्षीदाराला सामील होत्या," प्रुइट म्हणाला.

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं. 'त्या कागदावर माझा विश्वास बसला नाही.' पुढे एक शब्द नाही. एवढ्यावरून त्यांचं नाव सिनेटमध्ये पडू शकतं."

पाणी आणतो म्हणून मी आत गेलो. खटल्याच्या वेळी मला एक अक्षर येत नव्हतं. सही म्हणजे एक चित्र होतं, ते काढायला मी शिकलो होतो. चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक उघडून उभा राहायचो आणि शेजारच्यानं पान उलटलं की उलटायचो. वाचायला शिकलो सत्तावन्नाव्या वर्षी, तेही तीस मैलांवरच्या गावात जाऊन. हे फक्त माझ्या बायकोला, अर्नेस्टीनला, माहीत होतं.

"शपथेवर खोटं बोललो म्हणून मला धरतील का गं?"

"बहात्तराव्या वर्षी? तुझं घोरणं ऐकून दुसऱ्या दिवशी आणून सोडतील. जा, सांग त्याला. आणि हा मक्याचा ब्रेड ने, बिचारा सकाळपासून हिंडतोय."

मी सांगितलं. मग माझ्याच हातानं लिहूनही दिलं, दीड पान. तास लागला. प्रुइटनं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे बाईंना कळलं होतं?"

"कसं कळणार? मी तर नीट वाचल्यासारखं केलं होतं. मलाच ते विचारायचंय त्यांना."

सिनेटच्या सुनावणीत कोणीतरी माझं ते लिहिलेलं वाचून दाखवलं आणि पेपरात माझं नाव आलं. न्हाव्याच्या दुकानात माझ्या जुन्या दोस्तानं, क्लीटसनं, मला गाठलंच.

"लूशस, वीस वर्षं पेपरातल्या बातम्यांवरून माझ्याशी भांडत होतास. चित्रं बघून?"

"हो. आणि तरी तूच हरायचास."

दुकान हसलं. मीही हसलो, पण कान तापले होते.

पुढच्या वसंतात बाईंच्या नावाला मंजुरी मिळाली. शपथविधीत त्यांच्या आईनं त्यांच्या खांद्यावर न्यायाधीशाचा काळा झगा घातला. गर्दी पांगल्यावर मी पुढे झालो.

"बाई, तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी मला लगेच ओळखलं. "पान मी घाईत उलटं, खालची बाजू वर करून दिलं होतं, मिस्टर टॉलिव्हर. तुम्ही ते तसंच वाचलंत."

"मग सांगितलं का नाही कोणाला? नोकरी गेली तुमची!"

"तुम्ही तो कागद वाचलेला नाही, एवढं कळल्यावर मला तो वापरता येत नव्हता. बाकीची गोष्ट तुमची होती. ती मी कशी सांगणार?"

त्यानंतर दर मंगळवारी मी त्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायचो. साक्षीदार प्रोफेसर असो की हमाल, त्याच्यापुढे कागद आला की बाई आधी कारकुनाला तो मोठ्यानं वाचायला लावत. वकील वैतागत. नव्या वकिलांना वाटे, बाईंची नजर अधू झाली आहे. बाईंनी तो समज कधी काढला नाही आणि मीही नाही.

न्यायाधीश अल्थिया क्रँडल १७ मार्च २०११ रोजी, पदावर असतानाच वारल्या.