चिठ्ठ्यांच्या चिमट्याची दमछाक

मित्रांनो, मी कागद धरून ठेवणारा एक जुना लोखंडी चिमटा आहे. सध्या पाळी गावात, आनंदीच्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेला असतो. थकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

पूर्वी मी खाणीच्या ऑफिसात ट्रकांच्या पावत्या धरायचो. खाण बंद पडली, ऑफिसला कुलूप लागले आणि तिथे कारकून असलेल्या नारायणने मला घरी आणले. त्याच्या बायकोला, आनंदीला, मी फार आवडलो. ती अंगणवाडीत शिकवते. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून तिने चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एकच काम. काम झाले की चिठ्ठी चुलीत. सासूचे औषध, गॅसचा नंबर, अंगणवाडीची बैठक, काही म्हणून चुकत नसे.

"तुजें बरें गो आनंदी, कितेंच विसरना तूं," शेजारची विमला म्हणायची. तेव्हा मला अभिमान वाटायचा.

मग घरातल्या सगळ्यांना सवय लागली. नारायण आपली चिठ्ठी लावायचा, "शर्टाची गुंडी." म्हापशाला कॉलेजात जाणारी मुलगी सिद्धी लावायची, "फाईल शोधणे." सासूबाई सरस्वती सांगायच्या आणि आनंदीच लिहायची. चिठ्ठ्या सगळ्यांच्या, हात मात्र एकाच बाईचे. माझी स्प्रिंग सैल पडली, तोंड मिटेना. आनंदीच्या डोळ्यांखालीही काळे दिसू लागले. पण ते बघायला कोणाला सवड नव्हती.

एका सकाळी ती चिठ्ठी काढायला हात उंचावून उभी राहिली आणि तशीच खाली कोसळली. तिच्या हाताच्या ओढीने मीही खिळ्यावरून पडलो. चिठ्ठ्या जमिनीभर पसरल्या.

डॉक्टरांनी सांगितले, अंगात रक्त नाही, विश्रांती हवी. तिला दवाखान्यात ठेवून नारायण घरी आला आणि जमिनीवर बसून एकेक चिठ्ठी गोळा करू लागला. 

"आई, हें सगळें ती एकटीच करताली?"

 सरस्वतींनी हात पुढे केला. "भाजी निवडपाची चिठी म्हाका दी. बसून निवडपाक म्हाका कितें जाता?"

सिद्धीने चार चिठ्ठ्या उचलल्या. नारायणने उरलेल्या आपल्या खिशात घातल्या.

आनंदी घरी आली तेव्हा माझ्यात एकच चिठ्ठी होती, तीही कोरी. तिच्यावर लिहायला तिने सवयीने पेन शोधले. "हिचेर कितें बरोवं?"

"कांयच नाका," सिद्धी म्हणाली. "तूं आतां नीज गो."

आणि ती भर दुपारी झोपली. इतक्या वर्षांत मी तिला दुपारी झोपलेले पहिल्यांदाच पाहिले.

सगळे सुधारले असे मी म्हणणार नाही. नारायण अजून विसरतो, मग ओशाळून धावतो. माझा गंज काही जाणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी भिंतीवर, फ्रिजवर कामांचे कागद लावलेले असतील, तर ते नुसते वाचून पुढे जाऊ नका. एखादा काढून आपल्या खिशात घाला. आम्ही कागद धरतो. कामे करताना दमतो तो माणूस.