फळ्यावरची बेबाबाईंची ओळ

जळगावच्या एस.टी. स्टँडसमोर बेबाबाईंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. गोष्ट एक्क्याण्णव-ब्याण्णवची. दुकान म्हणायचं ते कौतुकानं. एक शटर, एक पंखा, एक बाक आणि एकच मशीन. हे मशीन त्यांच्या मालकांनी, तोतारामभाऊंनी, सुरतेहून कुणाकडून तरी जुनं आणलं होतं. भाऊ वरणगावच्या फॅक्टरीत कामाला. सकाळी ते गाडीसाठी पळाले की दुकान बाईंच्या ताब्यात. सुरुवातीला आळीनं नाकं मुरडून पाहिली. मुक्ताईनगरकडची शेतकऱ्याची लेक, आणि कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यात गल्ल्यावर बसते म्हणजे काय! बेबाबाई म्हणाल्या, नाकं तुमची आहेत, मुरडा हवी तेवढी. थोड्याच दिवसांत आळी थकली.

मशीनमधला खेळ जपानी होता म्हणे. पडद्यावरची अक्षरं कुणाच्या बापाला वाचता येत नसत. धोतरासारखं काहीतरी नेसलेला एक माणूस हातात काठी घेऊन निघतो, वाटेत नदी येते, पूल येतात, जंगलं येतात आणि दर जंगलात एक वाघ येतो, एवढं दिसायचं. खेळाचं खरं नाव देवाला ठाऊक. लोकांनी त्याला 'वाघमार' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चाललं.

नवा माणूस आला की विचारायचा, बाई, हे खेळायचं कसं? सांगून सांगून बाईंचा घसा बसला. शेवटी बंद पडलेल्या एका क्लासचा फळा त्यांनी मिळवला, भिंतीला ठोकला आणि जाहीर केलं की ज्याला जे माहीत असेल ते त्यानं इथं लिहावं. झालं, मशीनपेक्षा फळ्यापुढेच गर्दी होऊ लागली. कुणी लिहिलं, हा माणूस बहिणीला शोधायला निघाला आहे. दुसऱ्यानं ते पुसून लिहिलं, तो केळीचा व्यापारी आहे, पाठीवर घड दिसतो. तिसऱ्यानं तेही पुसलं आणि लिहिलं, 'माणूस कोण ते कळत नाही.' हे मात्र टिकलं. छगन नावाचा एक कॉलेजकुमार होता, उत्साहानं नुसता उतू जाणारा. त्यानं लिहिलं, 'जगातला सर्वांत भारी खेळ.' तेही गेलं. भारी ही काही माहिती नव्हे, असं चारचौघांनी ठरवलं.

पुसापुशीवरून गोष्ट कॉलर धरण्यावर आली तेव्हा बाईंनी नियम घातला. दुसऱ्याची ओळ आवडली नाही म्हणून पुसायची नाही. ती मशीनवर सर्वांदेखत खोटी ठरवून दाखवायची. खोटी ठरली, की ज्याची त्यानं ती आपल्या हातानं पुसायची. नवी ओळ लिहायची तरी तेच. आधी दाखवा, मग लिहा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

हा फळा धुळ्याला पोचवला पुना कंडक्टरनं. पुना जळगाव-धुळे गाडीवर असायचा, आणि धुळ्याला स्टँडच्या मागे अभिमननानांच्या दुकानात अगदी हेच मशीन होतं. पुनानं जळगावचा फळा तिथं तोंडपाठ म्हणून दाखवला. धुळेकरांनी लगेच आपलाही फळा टांगला. मग काय, जळगावला कुणी नदी ओलांडायची युक्ती लिहिली, की दुपारच्या गाडीनं ती धुळ्याला. धुळेकरांनी तिच्यातली चूक काढली, की परतीच्या गाडीनं ती इकडे. तिकीट विसरेल, पण पुना फळ्यावरचा शब्द विसरायचा नाही. एरवी कशावरही भांडतील अशी ही दोन गावं, पण वाघमारचा मजकूर दोन्हीकडे अक्षराला अक्षर सारखा. बेबाबाईंना याचा केवढा अभिमान! गिऱ्हाइकाला उरलेले पैसे देतानाही त्या सांगायच्या, हाच फळा धुळ्यालाही आहे बरं का.

त्या फळ्याची शेवटची ओळ खुद्द अभिमननानांची होती: 'शेवटच्या जंगलात काळा वाघ आहे. त्याच्यापुढे वाट नाही.' नाना म्हणजे खानदेशातला पहिल्या नंबरचा खेळाडू. कापसाची शेती भावावर सोपवून दुकान टाकलेला माणूस, पांढरी टोपी, पन्नाशी उलटलेली, पण हँडलवर हात पडला की विशीतली पोरं बघत राहायची. त्यांना जे जमलं नाही ते कुणाला जमणार?

आता बेबाबाईंची एक रीत होती. दुकान उघडलं की त्या मशीनला उदबत्ती ओवाळायच्या आणि दिवसाचं पहिलं नाणं मुक्ताईच्या नावानं टाकायच्या. तो डाव मुक्ताईचा. त्याला माणसानं हात लावायचा नाही. बाई तिकडे झाडू मारत, इकडे पडद्यावरचा माणूस एकटा उभा. एका सकाळी झाडता झाडता त्यांची नजर वर गेली. जंगलातून वाघ आला, त्या माणसाजवळ थांबला, त्याला हुंगलं आणि शेपूट हलवत माघारी गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी झाडू बाजूला ठेवून पाहिलं. पुन्हा तेच. रोज तेच. आणि फळ्यावर तर लिहिलेलं, 'वाघ मारावाच लागतो, नाहीतर तो मारतो.'

यात कुणाचा दोष म्हणावा? खेळाचं नावच वाघमार ठेवलेलं. वाघ दिसला की गडी बटणावर तुटून पडायचा. उभं राहून बघायला कुणाला सुचणार? बाईंनी छगनला आणि आणखी दोघांना सकाळी बोलावून मुक्ताईचा डाव दाखवला. पोरांनी तोंडात बोटं घातली. मग बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर खडू टेकवला: 'उभं राहिलं तर वाघ परत जातो.' दिवसभर त्या गल्ल्यावरून त्या ओळीकडे बघत होत्या.

पुना ती ओळ धुळ्याला घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मान खाली घालून परत आला. धुळेकरांनी ती लिहून घेतली होती. नाना गावाहून आले आणि त्यांनी पुसली. दाखवून? छे. पुना अवघडून म्हणाला की नानांचा निरोप आहे, जी बाई खेळत नाही तिनं लिहू नये.

बाईंच्या जिव्हारी लागलं. त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या दुकानातली पोरंही डळमळली. तोंडात बोटं घालणारा छगनच म्हणू लागला, नाना म्हणतात म्हणजे काहीतरी असेल, आणि दोन्ही फळे सारखे हवेत, तर ती ओळ काढून टाकू या का? ज्यांच्या दुकानात, ज्यांच्या फळ्यावर, ज्यांच्या नियमानं हे सगळं चालायचं, त्यांचीच एक ओळ तिथं राहू नये! बाईंनी खडूचं खोकं उचलून गल्ल्यात ठेवलं.

"माह्या डोयानं पाह्यलं ते लिव्हलं," त्या म्हणाल्या. "आता धुय्याले जाऊन त्यायले दाखोते. खोटं निंघलं त मीच पुसीन."

तोतारामभाऊंनी घरी एवढंच विचारलं, की वाघ दाखवायला धुळ्यापर्यंत जायचं? बाईंनी दुकानाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. रविवारी भाऊ मुकाट्यानं गल्ल्यावर बसले आणि बाई पुनाच्या गाडीत.

धुळ्याला नानांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा मागवला. पाहुणचारात खोट काढायला जागा नव्हती. बाई जळगावची येणार हे पुनानं आधीच सांगून ठेवल्यामुळे दुकान माणसांनी ठासून भरलेलं. चहा संपला तसे नाना मूळ मुद्द्यावर आले. आवाज चढवला नाही, पण शब्दही मागे घेतला नाही.

"ज्याले खेयता येस नही, त्यानी लिखानं नही," ते म्हणाले. "आठे बठ्ठास्नं असंच म्हननं शे." सगळ्या दुकानानं माना डोलावल्या.

बेबाबाईंनी विचारलं, नियम घातला कुणी? मी. त्यात खेळता आलं पाहिजे असं कुठं होतं? दाखवता आलं पाहिजे, एवढंच होतं. आणि न दाखवता पुसलं कुणी? गर्दीतून कुणीतरी खुदकन हसलं. नानांनी टोपी सारखी केली आणि मशीनकडे हात केला.

बाईंनी नाणं टाकलं, सवयीनं हात जोडले आणि मागे सरकल्या. पूजाच करू लागल्या की, असं कुणी म्हणालं तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. पडद्यावरचा माणूस उभा. वाघ आला. आणि नेमक्या त्याच क्षणी पुढं उभ्या असलेल्या एका गड्यानं, सवयच ती, हात लांबवून बटण हाणलं. काठी फिरली, वाघानं झेप घेतली, डाव खलास. दुकानात एकच हशा.  बाईंनी दुसरं नाणं काढलं.

आणि तेव्हा नाना उठले. मशीनकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून ते गर्दीसमोर उभे राहिले आणि त्यांनी बजावलं की आता कुणाचं बोट पुढं आलं तर दुकानातून कायमचं बाहेर. बेबाबाईंना त्या माणसाबद्दल तिथंच आदर वाटला. हरवायचं तरी नियमानं हरवू, असा तो गडी होता.

दुसऱ्यांदा वाघ आला. थांबला. त्यानं हुंगलं. नाना मान वळवून बघत होते. वाघ शेपूट हलवत माघारी गेला.

 नानांनी स्टूल ओढलं, स्वतः नाणं टाकलं आणि ते खेळायला बसले. नदी, पूल, जंगलं, सगळं झरझर मागे पडलं. शेवटचं जंगल आलं. काळा वाघ दूर दिसू लागला तेव्हा नानांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "बाई, हात काढी लेऊ का?"

सगळं दुकान बेबाबाईंकडे बघू लागलं. हो म्हणायला काय लागत होतं? पण त्यांनी पाहिला होता तो पहिल्या जंगलातला वाघ. काळा वाघ त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आता हो म्हटलं आणि डाव गेला, तर नुकतीच कमावलेली पतही गेली. आणि डाव नाही गेला, तरी ते न पाहता बोललेलंच. बाईंनी पदर खोचला.

"मले ठाऊक नही, नाना," त्या म्हणाल्या. "मी पह्यलाच वाघ पाह्यला. याचं मी काई सांगू शकत नही."

 मग नानांनी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले. काळा वाघ आला, पडदाभर झाला. नानांनी बोटं मांडीवरून उचलली नाहीत. वाघानं त्या माणसाभोवती एक फेरी घातली, बाजूला झाला आणि मागची वाट मोकळी झाली. वाटेच्या टोकाला एक घर होतं. माणूस आपोआप चालत दारात गेला आणि पडद्यावर त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांच्या ओळीच्या ओळी वर सरकू लागल्या. लोकांनी असा गलका केला, की पुना गाडी सोडून धावत आला.

नाना उठले ते सरळ फळ्याकडे गेले. पुसायला फडकं कुणीतरी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"हाई ओय मन्ही शे. मीच पुसस," ते म्हणाले, आणि 'त्याच्यापुढे वाट नाही' ही आपली ओळ त्यांनी तळहातानं पुसून काढली.

मग खडू बाईंकडे आला. बाईंनी आधी आपली जुनी ओळ जशीच्या तशी लिहिली. खाली लिहिलं, 'काळा वाघही परत जातो. हे अभिमननानांनी दाखवलं.' नानांनी खडू घेऊन त्यापुढे जोडलं, 'बेबाबाईंच्या सांगण्यावरून.' बाईंनी त्याला तत्काळ हरकत घेतली. काळ्या वाघाचं मी सांगितलंच नाही, आत्ता सगळ्यांसमोर नाही म्हटलं, मग लिहायचं कसं? नाना म्हणाले, पण तुमच्यावाचून मी हात उचलला असता का? दोघंही आपलं सोडायला तयार नाहीत. आजवर लोक आपलं नाव लागावं म्हणून भांडले होते. दुसऱ्याचं लागावं म्हणून चाललेलं भांडण त्या फळ्यानं पहिल्यांदाच पाहिलं. तिकडे गाडीची वेळ झालेली, आणि पुना विचारतोय की जळगावला नेऊ तरी काय? शेवटी गर्दीनंच मजकूर ठरवला: पहिला वाघ एकीनं दाखवला, काळा दुसऱ्यानं, आणि नावं दोघांची.

नानांनी खडू सरसावला. चांगल्या वळणदार अक्षरात 'सौ.' लिहिलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, मालकांचं नाव काय?

बेबाबाईंनी ते अक्षर बघितलं. रेशनकार्डावर त्या तोतारामभाऊंच्या खाली होत्या, दुकानाच्या पाटीवर तर नव्हत्याच. भाऊ चांगले होते, आज गल्ल्यावर बसले होते, सगळं खरं. पण ऊर असा भरून आला होता, की त्यांना खोटं चालणार नव्हतं, रीतीपुरतंही.

"नुसतं बेबाबाई लिवा, नाना," त्या म्हणाल्या. "त्यायनं कुठं वाघ पाह्यला?"

नानांनी 'सौ.' पुसलं आणि लिहिलं, बेबाबाई, जळगाव.