बुढ्याचा आवाज

"असं नाई मामी, जरा कडक बोल ना! बकरी पळाली हाये, बारसं नाई हाये घरी!"

रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेपलीकडून योगेंद्र ओरडला आणि नलूबाईंनी कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला. सकाळपासून एकच वाक्य चाललं होतं, 'काऊन जी, बकरी काऊन सोडली?' आणि दर वेळी ते इतकं गुळमुळीत निघत होतं, जणू पाहुण्याला चहा विचारताहेत. ज्या बाईच्या भांडणावर गावोगावची पोरं जेवता जेवता हसली, तिच्या तोंडाला आज झालं होतं तरी काय?

'बुढाबुढीची बकरी' हे कार्टून मुळात त्यांच्याच आर्वीच्या किराणा दुकानात जन्मलं. भाचा योगेंद्र शिकून आला, सिंदी मेघेला खोली घेऊन कार्टूनं काढू लागला, आणि आवाजासाठी त्याला कुठं हिंडावंच लागलं नाही. मामा-मामी गिऱ्हाइकासमोरसुद्धा भांडायचे. मामांनी, म्हणजे डोमाजींनी, साखर जास्त तोलली की नलूबाई तुटून पडायच्या. डोमाजी आधी नुसतं 'हूं!' करायचे आणि मग असं तिरकं काही बोलायचे, की गिऱ्हाईक पिशवी विसरून जायचं. टीव्हीवर तेच गेलं आणि गाजलं.

मागच्या पोळ्याला डोमाजींना लकवा मारला. वाचा गेली. तेव्हापासून नलूबाई नवऱ्याला वाकडा शब्द बोलल्या नव्हत्या. आजारी माणसाशी कोण भांडतं, बाई? लोक तोंडात शेण घालतील. 'खा बरं', 'झोपा बरं', असं अख्खं घर त्यांच्याशी लेकराशी बोलावं तसं बोलू लागलं, आणि डोमाजी भिंतीकडे तोंड करून पडू लागले.

आता त्या कार्टूनचा मोबाइलवर गेम होत होता. योगेंद्र बाहेर येऊन शेजारी बसला.

"टीव्हीच्या वक्ती तुमी दोघं समोरासमोर भांडत होते, मामी. गेममधी तसं नसते. पोरानं बटन दाबलं का तुझा आवाज निघते. म्हणून एकेक बोल सुटा पायजे."

"अन् यायचा, बुढ्याचा आवाज?"

योगेंद्रने मान खाली घातली. "कंपनीनं नागपूरचा एक नट पाह्यला. बुढ्याबिगर गेम नाई होत ना, मामी."

दुसऱ्या कुणाच्या तोंडून आपला नवरा बोलणार! आज घरी सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून डोमाजींना सोबत आणलं होतं. ते बाहेरच्या बाकावर बसून होते.

"मले समोर माणूस लागते," नलूबाई म्हणाल्या. "त्याइले आत आण."

डोमाजींची खुर्ची समोर आली. वाकडं झालेलं तोंड, मांडीवर पडलेला उजवा हात. नलूबाईंनी हेडफोन लावला.

"काऊन जी, बकरी काऊन सोडली?" आवाज पुन्हा पडला. डोमाजींनी तोंड फिरवलं आणि भिंत शोधली.

तिथं मात्र बाईचा तोल गेला.

"पाहा, पाहा भिंतीकडं! तुमचा आवाज नागपूरवाला करून राह्यला, अन् तुमाले भिंत गोड लागते? साऱ्या जिंदगीत माहा एक शब्द खाली पडू देला नाई, अन् आता मले एकटीले सोडलं? कोणाशी भांडू मी? सांगा ना, कोणाशी भांडू?"

डोमाजींची मान हळूहळू वळली. डोळ्यांत ती जुनी खोडी आली.

"हूं!"

अगदी पूर्वीसारखं. नलूबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडल्या. योगेंद्रने रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

मामाचंच 'हूं!' ठेवा म्हणून कंपनीशी तो आठवडाभर भांडला. शेवटी भाचा कुणाचा? नट राहिला नागपूरला. गेम आला तेव्हा त्यातली बुढी तोफ डागायची आणि बुढा फक्त 'हूं!' करायचा.

परवा आर्वीच्या दुकानात एक गिऱ्हाईकबाई उभ्या होत्या आणि त्यांची पोरगी मोबाइलवर तो गेम खेळत होती. बकरी पळाली, बुढी ओरडली, बुढ्याने 'हूं!' केलं. गल्ल्यावर बसवलेल्या डोमाजींनीही केलं.

"आयकलं, आयकलं! बहिरी नाई झाली मी!" आतून नलूबाई गरजल्या.

"हूं!"

नलूबाईंचा सुपातला हात थांबला. पुढचं तिरकं उत्तर यायची जागा त्यांनी सवयीने मोकळी सोडली, आणि मग पुन्हा तांदळातले खडे वेचू लागल्या.