बसव्वाच्या खानावळीतली विटांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ गेमची पेटी आहे. हल्ली माझ्या डोक्यावर पाण्याचे जग आणि धुतलेली ताटं ठेवतात, त्यामुळे नवं गिऱ्हाईक मला टेबलच समजतं. समजू दे. मला गोड बोलता येत नाही. ज्या घरात मी वाढले तिथं तशी पद्धतच नव्हती.

माझा जन्म कोल्हापुरातलाच, नव्वद सालानंतरचा. आकाराम सुतारानं प्लायवूडचं माझं अंग केलं आणि त्यावर लाल सनमायका चिकटवला. बंद पडलेल्या एका टीव्हीची काच माझ्या तोंडाला बसवली. पोटातलं सर्किट तेवढं मुंबईहून आलं. स्पीकर मात्र माझ्या मानानं फारच दांडगा होता. लहान मिळाला नाही म्हणून तोच ठोकला. त्यामुळे गाणं सुरू झालं की माझं सगळं लाकूड थरथरायचं.

माझा खेळ सोपा. वरून रंगीत विटा खाली येतात. दांड्यानं त्या सरकवायच्या आणि ओळ लावायची. पण नुसती ओळ लावून भागत नाही. आत गाणं वाजत असतं, त्याच्या ठोक्यावर लाल बटण दाबलं तरच ओळ फुटते. ठोका चुकला की वीट चिकटून बसते, ढीग वर चढतो आणि खेळ खलास. शिवाय खेळ पुढं जाईल तसं गाणं जलद होत जातं.

संगमेशनं मला विकत घेतलं आणि आईच्या खानावळीच्या पडवीत उभं केलं. स्टँडमागच्या बोळातली ही खानावळ बसव्वाची. सगळे तिला अव्वा म्हणत. अव्वा म्हणजे कानडीत आई. शेंगाची चटणी, भरलं वांगं आणि ज्वारीची भाकरी, एवढ्यावर तिचं राज्य होतं. बिद्रीच्या साखर कारखान्याकडचे ड्रायव्हर, कागलच्या एमआयडीसीत पाळीला जाणारी पोरं, गारगोटीहून कोर्टकचेरीला आलेली माणसं, सगळी तिथंच जेवायची. माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडं तिची शेगडी होती. भाकरीवर तिची थाप पडायची तेव्हा भिंतीतून माझ्या पाठीला कळायचं.

ती मला शिव्या घालायची. "संगमेश, त्या खोक्याचं तोंड बंद कर, भाकरी फाटाय लागलीया," असं दिवसातून कितीदा तरी. एक मास्तर यायचे, ते जेवून झाल्यावर माझ्याकडं बोट दाखवून पोरं कशी बिघडतात यावर भाषण द्यायचे. त्यांच्या शाळेत पोरांना खेळायला मैदान नव्हतं, त्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. अशा माणसांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पण माझे ते दिवस सुखाचे होते. पोरांची रांग लागायची. सगळ्यांत पट्टीचा खेळाडू म्हणजे जोतीराम, एस.टी.चा कंडक्टर. हातातला तिकिटाचा पंच दिवसभर टकटक वाजवायची त्याला सवय, त्यामुळे त्याचा ठोका कधी चुकायचा नाही. गाडी लागेपर्यंत तो माझ्यापुढं उभा असायचा.

मग पुढच्या दशकात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. घराघरात कॉम्प्युटर आले आणि माझी रांग आटली. आणि एका दुपारी अव्वाला अर्धांगवायूचा झटका आला. ती वाचली, चालायलाही लागली, पण उजवा हात लुळा पडला. तिनं पीठ घेऊन बघितलं. उजवा हात डाव्यानं उचलून धरला तरी भलत्याच वेळी खाली पडायचा. भाकरी परातीतच मोडली.

संगमेशनं भाकरी दाबायचं यंत्र आणलं. इथंच तो चुकला. कोल्हापूरचा माणूस दुसरं काहीही खपवून घेईल, पण दाबलेली भाकरी त्याला घास मोडताक्षणी कळते. कुणी भांडलं नाही. ताटात अर्धी भाकरी ठेवून माणसं उठायला लागली. भांडली असती तर बरं झालं असतं.

अव्वाला आत बसवेना. ती पडवीत माझ्याशेजारी स्टूल टाकून बसायची. व्यायाम शिकवणाऱ्यानं तिला दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो तिनं गटारीत टाकला. लुळा हात ठेवायला जागा नाही म्हणून तो माझ्या फळीवर, नेमका लाल बटणावर पडलेला असायचा.

एकदा जोतीराम खेळायला आला.

"अव्वा, हात जरा बाजूला घ्या की. बटण झाकलंय."

"तूच उचलून ठेव. मला उचलत न्हाय."

जोतीरामनं खिशातून टोकन काढलं. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे तिथंच. बटण कुठं पळून जातंय?" त्यानं टोकन टाकलं, तिच्या हातावर आपला पंजा ठेवला आणि ठोका पडला की दोन्ही हात मिळून दाबायला लागला. मी अंगभर थरथरत होते. तिच्या तळव्याखाली माझं लाकूड होतं आणि वर जोतीरामचा हात. बाई शिवी द्यायचीसुद्धा विसरली.

दुसऱ्या दिवशी तिनं डाव्या हातानं उजवा उचलून स्वतःच बटणावर ठेवला. त्यानंतर रोज. ती सतत हरायची. विटांचा ढीग माझ्या कपाळापर्यंत जायचा. एखादं पोरगं आपला नंबर मागायचं, तर ती म्हणायची, "तुझा नंबर लागायला अजून लई वर्सं हाईत." व्यायामवाल्याला कळलं तेव्हा तो खूश झाला. चेंडूपेक्षा हे बरं, रोज बसा, असं त्यानं सांगितलं. हळूहळू बोट हललं, मग मनगट. ठोक्यावर हात पडायला लागला. ठोका नसला की मात्र पुन्हा भरकटायचा.

संगमेशला लाज वाटायची. आई गिऱ्हाइकांसमोर गेम खेळते म्हणून लोक हसतात, असं तो म्हणायचा. धंदा बसत चालला होता, त्याचंही डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यानं ठरवून टाकलं. पडवीत मोबाईलचं दुकान, मला भंगारात, आत पगारी आचारी आणि आईला निपाणीला बहिणीकडं.

"अव्वा, लई केलंस तू. आता आराम कर."

"आराम कुणाला सांगतोस? हात गेलाय माझा, मी न्हाय."

त्यानं ऐकलं नाही. भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि त्यानं माझा प्लग काढला. अव्वा उठून उभी राहिली.

"पावणं, गाडी लावा बाजूला. जेवून जावा. भाकरी मी करणार हाय."

संगमेश काही बोलणार होता, पण ती आत गेलीसुद्धा. आतून तिनं पडवीत गाडीची वाट बघत थांबलेल्या जोतीरामला हाक मारली. पेटी चालू कर आणि आवाज मोठा ठेव, म्हणाली.

जोतीरामनं प्लग लावला, टोकन टाकलं. गाणं सुरू झालं. भिंतीपलीकडं पहिली थाप पडली ती उशिरा. दुसरी लवकर. मग बराच वेळ काहीच नाही. बहुतेक पीठ पुन्हा गोळा केलं असावं. जोतीराम घामाघूम होऊन खेळत होता, कारण तो हरला तर गाणं थांबणार होतं. मग माझ्या पाठीला कळलं. ठोका, थाप. ठोका, थाप. पुढं गाणं जलद व्हायला लागलं तशी आतून आरोळी आली, "हळू घे की मेल्या, भाकरी हाय ही!"

हळू घेणं त्याच्या हातात नव्हतं. विटा भराभर कोसळायला लागल्या, ढीग वर गेला आणि तो हरला. गाणं बंद. टोकन शोधायला त्यानं खिशात हात घातला आणि तसाच उभा राहिला.

आत थाप चालूच होती. माझ्याशिवाय. सावकाश, पण एकसारखी.

भाकरी कडेला फाटली होती आणि एका बाजूला जाड होती. भंगारवाल्यानं घास मोडला, चटणीला लावला, खाल्ला आणि मान वर न करता म्हणाला, "आणखी एक वाढा." अव्वानं ती वाढली. संगमेश दारात उभा होता. त्यानं भाकरी दाबायचं ते यंत्र उचललं आणि गुपचूप हातगाडीवर नेऊन ठेवलं.

मित्रांनो, आता माझी काच काळी पडली आहे. विटा दिसत नाहीत. गाणं तेवढं वाजतं, तेही कुणी प्लग लावला तर. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही, ओल्या फडक्यानं पुसत जा, एवढं पुरे. मागणं आहे ते वेगळंच. तुमच्या घरी कुणाचा हात थांबला, पाय थांबला, तर त्याला कोपऱ्यात बसवून "आराम कर" म्हणू नका. तुम्हाला ती माया वाटते, पण तुम्ही त्याला घरातून हळूच बाहेर ढकलत असता. त्याच्याजवळ बसा. त्याच्या हातावर हात ठेवा. आणि त्याचा हात स्वतःहून हलायला लागला की आपला काढून घ्या.