जानव्याला बांधलेली किल्ली

मी एक जुनं पितळी कुलूप आहे. अंगानं जाडजूड आणि स्वभावानं, खरं सांगायचं तर, थोडा गर्विष्ठ. मित्रांनो, ज्याला कोणीही उघडू शकतं त्याला कुलूप कशाला म्हणायचं, असं मी पन्नास वर्षं मानत आलो. माझं हे मत एका सकाळी कसं बदललं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म अलीगढच्या एका लहानशा कारखान्यात झाला. ज्या कारागिरानं मला घडवलं त्यानं माझ्यात मुद्दाम एक खोड ठेवली. किल्ली आधी अर्धी फिरवायची, मग किंचित मागे ओढायची आणि मगच पूर्ण फिरवायची. ही खोड ज्याला ठाऊक नाही तो माझ्याशी झटापट करून घाम पुसत निघून जाई. मला त्याची फार गंमत वाटे.

ग्वाल्हेरला आलो तो लष्कर नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका मराठी घरात. तिथे देवघरातल्या कपाटाची राखण माझ्याकडे होती. कपाटात गौरींचे मुखवटे आणि त्यांचे दागिने असत. या घराचे पूर्वज इथल्या राजदरबारात पूजेअर्चेसाठी दक्षिणेतून आले होते. दरबार केव्हाच गेला, पण कर्त्या पुरुषानं किल्ली जानव्यात ओवून ठेवायची ही रीत मागे राहिली. भाद्रपदात घरच्या सूनबाई शामलाताई नवऱ्याकडून किल्ली मागून घेत आणि मला एका झटक्यात उघडत. गौर दाराशी आली की तिला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवायचं नाही, हा त्यांचा दंडक होता. त्या वेळी घरातली मोठी माणसंसुद्धा त्यांच्यापुढे चळाचळा कापत.

पुढे हे कुटुंब सिटी सेंटरजवळच्या एका फ्लॅटमध्ये राहायला आलं. या घराला भिंतीतलं कपाट होतं आणि त्याला त्याचं स्वतःचं कुलूप होतं. मला कोणी विचारेना. खिळे, फुटका बल्ब आणि सुतळीचा गुंडा यांच्या सोबतीला मी एका खणात सहा वर्षं पडून राहिलो. मित्रांनो, काम नसलेल्या कुलपाचं दुःख तुम्हाला कळायचं नाही.

मला पुन्हा काम मिळालं ते एका वाईट दिवशी. शामलाताईंना स्मृतिभ्रंश झाला होता. आधी चष्मा, मग भाजीतलं मीठ, मग माणसं अशी एकेक गोष्ट त्यांच्या मनातून निसटत गेली. एका दुपारी त्या दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून घराबाहेर पडल्या आणि महाराज बाड्याच्या चौकात एका टेंपोवाल्याला म्हणू लागल्या, "मला उज्जैनला सोड, आई वाट बघत असेल." आई जाऊन तीस वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी त्यांचे यजमान गोविंदराव यांनी मला खणातून काढलं, तेल घातलं आणि घराच्या जाळीच्या दाराला आतून लावलं. दुसरी किल्ली घर बदलताना हरवली होती. उरलेली एकुलती एक किल्ली त्यांनी रीतीप्रमाणे जानव्यात ओवली.

गोविंदरावांनी आयुष्यभर कॉलेजात भूगोल शिकवला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ते बायकोची वेणी घालायला शिकले. पहिली वेणी अशी काही झाली होती की मला हसू आवरेना. पण महिन्याभरात त्यांचा हात बसला. शामलाताई दिवसातून दहादा विचारत, "तुम्ही कोण?" आणि हा माणूस दहाही वेळा नव्यानं सांगे, "मी गोविंद. तुमच्याकडेच राहायला असतो." त्यांच्या आवाजात मी कधी कंटाळा ऐकला नाही. मी पुष्कळ घट्ट गोष्टी पाहिल्या आहेत, पण एवढं घट्ट काही पाहिलं नाही.

बायकोच्या गोळ्या ते घड्याळ लावून देत. स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र डबीतच राही. कंपू भागातल्या डॉक्टरांनी दिलेल्या दोन तारखा त्यांनी चुकवल्या, कारण हिच्याजवळ बसणार कोण? समोरच्या फ्लॅटमधली अंतरा दर आठवड्याला म्हणे, "काका, एक किल्ली बनवून माझ्याकडे ठेवा ना. टेन्शन नको."

"कशाला? मी आहे ना," एवढंच त्यांचं उत्तर असे. आपल्या घरचं आपण बघावं, ही त्यांची जिद्द. मीही मनातून म्हणे, शाबास!

मग जानेवारीतली ती सकाळ आली. गोविंदरावांनी उजेडासाठी लाकडी दार उघडलं आणि ते अंघोळीला गेले. पंचा गुंडाळून बाहेर येताना त्यांचा उजवा पाय अचानक लुळा पडला आणि ते पॅसेजमध्ये कोसळले. तोंड वाकडं झालं. जिभेला शब्द उचलेना. शामलाताई त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत सोफ्यावर जाऊन बसल्या.

आठ वाजले तरी दुधाची पिशवी जाळीलाच लटकलेली अंतराला दिसली. तिनं वाकून आत पाहिलं, तर जमिनीवर गोविंदरावांचे पाय.

"काकू! दार खोला! काका पडलेत!"

शामलाताई जाळीपाशी आल्या आणि शहाण्या मुलीसारख्या म्हणाल्या, "घरात मोठं कोणी नाही. मग या."

अंतरानं ॲम्ब्युलन्स बोलावली. चौकीदार दिग्विजयसिंह हातोडा घेऊन धावत आला. "बहनजी, ताला अंदर की तरफ है, हाथ नहीं पहुँच रहा," म्हणत त्यानं गजांमधून तीन घाव घातले. मला ओरखडासुद्धा उठला नाही. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या मजबुतीची लाज वाटली. अर्धांगाच्या अशा झटक्यात मिनिटामिनिटाचं मोल असतं आणि माझा धनी माझ्यामुळे आत अडकून पडला होता. तुटता आलं असतं तर मी आनंदानं तुटलो असतो.

अंतरा रडकुंडीला आली होती. आणि एकदम तिनं डोळे पुसले. लग्न होऊन इथे आल्यावर पहिल्या वर्षी शामलाताईंनी तिच्याच हातून गौर आणवली होती, ते तिला आठवलं असावं. तिनं अंगावरची शाल डोक्यावरून घेतली, दुधाची पिशवी दोन्ही हातांत मुखवट्यासारखी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काकू, गौर आली!"

शामलाताई ताठ झाल्या. "कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

"काय घेऊन आली?"

"काकांसाठी आयुष्य घेऊन आली," अंतरा म्हणाली.

शामलाताई तरातरा पॅसेजमध्ये गेल्या. "अहो, असे उघड्या अंगानं काय लोळताय? गौर दारात उभी आहे. किल्ली द्या!"

गोविंदरावांना सगळं कळत होतं. नवं जानवं गळ्यात घातल्याशिवाय ज्यांनी जुनं कधी उतरवलं नव्हतं, ज्यांचं अंग साठ वर्षांत क्षणभरही जानव्याविना राहिलं नव्हतं, त्यांनी डाव्या हातानं ते गळ्यातून काढलं आणि किल्लीसकट बायकोच्या हातात दिलं.

शामलाताईंनी किल्ली माझ्यात घातली. अर्धी फिरवली. किंचित मागे ओढली. मग पूर्ण फिरवली. नवऱ्याचं नाव विसरलेल्या बाईला माझी खोड आठवत होती! मी असा चटकन उघडलो की नवा असतानाही तसा उघडलो नसेन.

गोविंदराव अकरा दिवसांनी घरी आले. जीव वाचला, पण उजवा हात अजून नीट चालत नाही. वेणी आता अंतरा घालते. शामलाताईंना त्या सकाळचं काही आठवत नाही. आपण किती मोठं काम केलं हे त्यांना कधी कळणार नाही, म्हणून मीच ते सगळ्यांना सांगत असतो. बंगळुरूहून आलेला मुलगा सुश्रुत बाड्यावर जाऊन माझ्या तीन नव्या किल्ल्या करून घेऊन आला. गोविंदरावांनी डाव्या हातानं पहिली किल्ली अंतराला दिली. जड जिभेनं ते म्हणाले, "तुझं ऐकायला हवं होतं, बेटा." ते वाक्य म्हणायला त्यांना बराच वेळ लागला आणि अंतरा तेवढा वेळ थांबली.

आज माझ्या चार किल्ल्या चार जणांकडे आहेत आणि मला त्याचा जराही कमीपणा वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या शेजारीही कुणी आजी किंवा आजोबा आपल्या माणसाला एकट्यानं सांभाळत असतील. ते दमले आहेत हे तुम्हाला सांगणार नाहीत. आज आईबाबांना घेऊन त्यांच्याकडे जा आणि एक किल्ली मागा. ते म्हणतील, "कशाला, आमचं चाललंय की ठीक." तरीही मागा.