निरोगी बाळाची नळी

"निरोगी बाळ म्हणून तुझा अँड्र्यूच बरा," प्रयोगशाळेच्या मॅडम एंजेलाला म्हणाल्या होत्या. "आपल्यात एवढ्या वयाचं लेकरू दुसऱ्या कुणाचं आहे?"

नगरच्या त्या प्रयोगशाळेची रीतच होती. आजारी माणसाशी ताडून बघायला रक्त लागलं की ते आपल्याच माणसांचं घ्यायचं. तिथली तंत्रज्ञ एंजेला. तिनं स्वतःचं रक्त कितीदा दिलेलं. आज जामखेडच्या पंकजाचं बाळ तपासायचं होतं. ते दूध पिताना दमायचं; घराण्यात उतरणारा एक आजार त्याला आहे का, ते बघायचं होतं.

आपल्या अँड्र्यूला मांडीवर धरून तिनं त्याचं रक्त काढू दिलं. एक गोष्ट मात्र ती मॅडमना बोलली नाही. तिचे दोन धाकटे भाऊ असेच दूध पिता पिता घामाघूम व्हायचे. दोघंही पाळण्यातच गेले. आणि अँड्र्यूच्या कपाळावरही दूध पिताना घाम डवरायचा. उन्हाळा आहे, ती स्वतःला समजवायची.

"ताई, आता काय करनार वं?" दारातून पंकजानं विचारलं.

"रक्तात रंग घालणार."

"होळीवानी?"

एंजेलाला हसू आलं. "पेशीत ताकद देणारे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया. त्यांच्या पडद्यात एक स्निग्ध पदार्थ असतो. रंग त्यालाच चिकटतो. जेवढा चिकटेल तेवढा चमकतो."

"आन् न्हाई चमाकला तर?"

एंजेलानं नळ्यांवर नावं लावायला घेतली.

रंगाचं नाव नारंगी, उजळायचा मात्र हिरवा. यंत्राच्या पडद्यावर पंकजाच्या बाळाच्या पेशी दाट, लख्ख उमटल्या. मग निरोगी बाळाची नळी लावली. ठिपके आले ते विझत चाललेल्या निखाऱ्यांसारखे.

मॅडम पुढं वाकल्या. "उलटं कसं? नावांची अदलाबदल झाली का गं?"

नुसतं 'हो' म्हटलं तरी भागणार होतं. मॅडमनी विश्वास ठेवला असता. जामखेडच्या एसटीत ती बाई पदर तोंडात कोंबून बसली असती, आणि अँड्र्यू निरोगी राहिला असता. एंजेलानं नळ्यांवरची नावं पुन्हा वाचली.

"नाही मॅडम. मीच लावलीत. बरोबर आहेत."

दोन्ही नळ्या नव्यानं केल्या. पुन्हा तेच. मॅडम हळूच म्हणाल्या, "घरात कुणाला असं...?"

"याचे दोन मामा," एंजेला म्हणाली.

पंकजाला तिनंच सांगितलं. "तुमच्या बाळाचा रंग छान चमकला. हा आजार नाही. दम का लागतो, ते डॉक्टर बघतील."

पंकजानं डोळे पुसले. अँड्र्यूच्या गालावरून बोटं फिरवून ओठांशी नेली. "ह्याच्या संगतीनं माझं बी सुटलं बगा. लई गुनाचं हाय."

ती गेल्यावर एंजेला यंत्राच्या खोलीत येऊन बसली. यंत्रासाठी ती खोली कायम गार ठेवलेली असे. मॅडम शाल पांघरून काम करायच्या. तिनं अँड्र्यूला पाजायला घेतलं. जरा वेळानं ओढणीच्या टोकानं त्याचं कपाळ टिपलं. तो दमून थांबला, पुन्हा पिऊ लागला. तिनं पुन्हा टिपलं.